वर्गणीचा कुंचला

देवस्थानाच्या पैशाचा हिशेब चोख राहावा म्हणून आपण जितके दक्ष असतो, तितके देवाच्या चित्रांविषयी असतो काय? प्रश्न चमत्कारिक वाटेल. परंतु बुऱ्हाणपुरात जो प्रकार आमच्या दृष्टीस पडला, तो पाहिल्यावर हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

तापीकाठच्या या नगरातील एका जुन्या मंदिराचा जीर्णोद्धार व्हावयाचा होता. सभामंडपाच्या भिंतींवर दशावतारांची चित्रे होती. ओल चढून त्यांचे पोपडे सुटू लागले होते. भिंती उतरविण्यापूर्वी गावातल्याच एका तरुण चित्रकाराने दोन महिने खपून ती सारी चित्रे संगणकावर रेघ न् रेघ उतरवून घेतली. मूळ रेखाटन एका थरावर, शिल्लक रंग दुसऱ्यावर, उडालेला भाग तिसऱ्यावर, असे नेटके काम त्याने केले. पुढे पोटापाण्यासाठी तो परगावी गेला. नव्या भिंती उभ्या राहिल्या, चित्रे काढण्याची वेळ आली, आणि समितीने जपून ठेवलेली फाईल काही केल्या उघडेना. ज्या सॉफ्टवेअरात ती चित्रे काढली होती, त्याची मासिक वर्गणी थकली होती. आणि त्या फाईलचा साचा असा खास की, दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरला तो वाचता येत नव्हता. अखेर त्या तरुणास गाठून, एका महिन्याची वर्गणी पुन्हा भरून दशावतारांची सुटका करावी लागली. देव आमचे, भिंती आमच्या, हातही आमच्याच मुलाचा. किल्ली मात्र सातासमुद्रापलीकडे!

गणपतीची वर्गणी दिली तर निदान प्रसाद तरी हाती पडतो. ही वर्गणी अशी आहे की, ती थांबताच आधीचा प्रसादही परत मागितला जातो.

हा काही एका गावाचा दुर्दैवी अपवाद नव्हे. अ‍ॅडोबी कंपनीचे फोटोशॉप १९९० साली बाजारात आले, आणि पुढे वीस वर्षांहून अधिक काळ ते एकदा विकत घेतले की घेणाऱ्याचे होत असे. २०१३ साली कंपनीने ती पद्धत मोडली. नव्या आवृत्त्या केवळ वर्गणीवर मिळू लागल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये तर अमेरिकेच्या सरकारी आदेशाकडे बोट दाखवून या कंपनीने व्हेनेझुएला देशातील ग्राहकांची खाती बंद करण्याचे जाहीर केले. सरकारी परवानगी मिळाल्यावर महिनाअखेरीस तो निर्णय मागे घेण्यात आला, हे खरे. परंतु कोणताही गुन्हा न केलेल्या चित्रकारांची हत्यारे दूरच्या राजधानीतील एका सहीने हिरावली जाऊ शकतात, हे त्या महिन्यात जगाने पाहिले. कंपनीने वाईट वागावे लागत नाही. ती केवळ धनी असली म्हणजे पुरे.

यावर आमचे व्यवहारी मित्र हसून म्हणतात, “वर्गणी भरतो कोण? क्रॅक केलेली प्रत पन्नास रुपयांत मिळते. सगळेच वापरतात.” या उत्तराची आम्हांस खरी लाज वाटते. देवाच्या पालखीला चोरीचा गोंडा लावला, तर तो आपण चालवून घेऊ काय? मग उत्सवाच्या फलकावरील देवाचा मुखडा चोरीच्या कुंचल्याने रंगविलेला कसा चालतो? कायद्याची गोष्ट तर स्पष्टच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आलेले ६३ बी हे कलम अशा प्रतीचा जाणूनबुजून वापर करणाऱ्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगते. नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय सौम्य होऊ शकते. परंतु उत्सवाचे फलक छापून देणारा दुकानदार आपले काम नफ्यासाठी नाही असे कोणत्या तोंडाने म्हणणार? शिवाय अशा प्रतींबरोबर संगणकात काय काय शिरते, हे ज्याच्या साऱ्या फाईली एका रात्रीत गेल्या त्यास विचारावे.

दुसरे मित्र सनातनी वळणाचे. त्यांच्या मते संगणकावर काढलेले चित्र हे चित्रच नव्हे. त्यात भक्ती कोठून येणार? या मित्रांनी घरी जाऊन आपल्या देवघराच्या भिंतीकडे एकवार पाहावे. राजा रविवर्म्याने १८९४ च्या सुमारास मुंबईत शिळाछापखाना काढला, आणि लक्ष्मी-सरस्वती यंत्रातून निघून घरोघरी पोहोचल्या. आपल्या गोमंतकाचे रघुवीर मुळगावकर हवेच्या दाबाने रंग फवारणारे यंत्र हाती घेऊन देवदेवता रंगवीत. त्यांच्या दिनदर्शिकांपुढे आमच्या आजींनी उदबत्ती लावली. यंत्राने भक्ती विटाळली नाही. हत्यार नवे की जुने, याने पावित्र्य ठरत नाही; ते कोणाच्या ताब्यात आहे, हाच विचारण्याजोगा प्रश्न आहे.

मग चित्रकाराने घ्यावे काय? प्रोक्रिएट एकदाच पैसे देऊन मिळते, वर्गणीची कटकट नाही. परंतु ते चालते केवळ आयपॅडवर, आणि त्या पाटीची किंमत लहान गावातील मुलाच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढी. जपानी क्लिप स्टुडिओ पेंट कथाचित्रे काढणाऱ्यांस सोयीचे आहे; पण त्याचीही फाईल आपल्या घरच्याच भाषेत बोलते. आमचे स्पष्ट मत असे की, ज्याच्यापाशी साधा संगणक आणि एक लेखणीची पाटी आहे, त्याने प्रथम क्रिता घ्यावे. १९९९ साली केडीई या मुक्त प्रकल्पात त्याचे काम सुरू झाले; ते कोणासही वापरण्यास, अभ्यासण्यास, बदलण्यास आणि शेजाऱ्यास देण्यास कायद्यानेच मोकळीक आहे. त्यात थर आहेत, नाना जातींचे कुंचले आहेत, छपाईच्या चार रंगांत काम करण्याची सोय आहे, आणि फोटोशॉपच्या बहुतेक फाईलीही ते वाचते. विंडोज असो वा लिनक्स, ते दोहोंवर चालते.

“फुकटचे ते हलके,” असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांस एवढेच सांगणे की, डेव्हिड रेवॉय हा फ्रेंच चित्रकार २०१४ पासून ‘पेपर अँड कॅरट’ ही आपली कथाचित्रमाला क्रितातच रंगवीत आला आहे. तथापि दोष झाकणे हे प्रामाणिक वादाचे लक्षण नव्हे. जुन्या, दुबळ्या संगणकावर मोठे चित्र घेतले की क्रिता धापा टाकते. मजकूर मांडण्याच्या कामात त्याचा हात आरंभापासून कच्चा. म्हणून जोडाक्षरांचा देवनागरी मजकूर इंकस्केपमध्ये जुळवावा. तेही मुक्त, २००३ पासूनचे. अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइपने मोकळे केलेले मुक्त आणि बालू हे टंक आहेतच. आणि ज्या मुलास इंदूर, पुणे वा मुंबईतील मोठ्या कंपनीत नोकरी करावयाची आहे, त्याने तेथील हत्यार शिकावे. धन्याच्या कामाला धन्याने परवाना घेऊन द्यावा. त्याविरुद्ध आमचे काहीच म्हणणे नाही. परंतु स्वतःच्या मागावर विणणारा आणि दुसऱ्याच्या मागावर मजुरीने बसणारा यांतील अंतर यंत्रमागांच्या बुऱ्हाणपुरातील मुलास कोणी शिकवावे लागू नये.

आमचा खरा रोख मात्र चित्रकारांपेक्षा समित्यांकडे आहे. चित्रकाराच्या हाती चोरीची प्रत येते, कारण आपण त्याला फलकाचे दीडशे रुपये देतो आणि कोणत्या हत्याराने काढलेस हे विचारीत नाही. मूर्तिकाराला आपण पाषाण कोठला, धातू कोणता हे दहादा विचारतो! म्हणून प्रत्येक देवस्थानाने काम सोपविताना तीन अटी घालाव्यात. पहिली, सॉफ्टवेअर एक तर परवान्याचे असावे किंवा मुक्त असावे. दुसरी, थरांसह मूळ फाईल ओपनरास्टर या खुल्या साच्यात मिळावी. तो साचा म्हणजे एक साधे गाठोडे, ज्यातला प्रत्येक थर वेगळे चित्र म्हणून उद्या कोणीही सोडवून पाहू शकेल. तिसरी, इंचास तीनशे ठिपक्यांची एक सपाट प्रत पीएनजी वा टिफ रूपात दप्तरात जमा व्हावी, आणि तिची नक्कल दुसऱ्या ठिकाणी असावी. या अटी घालणाऱ्याने मोबदलाही त्या मानाने वाढवावा, हे ओघानेच आले.

बुऱ्हाणपुरात दीर्घकाळ राहिलेल्या अब्दुर्रहीम खानखानाने आपल्या चित्रकारांकडून रामायणाची एक पोथी रंगवून घेतली होती. तिची एकशेतीस चित्रे आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहेत. पोथी दूर गेली, याचे दुःख आहेच. तरीही चारशे वर्षांनंतर ती उघडून प्रभू रामचंद्रांचे मुख पाहावयाचे तर कागद आणि डोळे पुरतात. त्याच खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, खोदलेल्या कुंडी भंडाऱ्यातून सातपुड्याचे पाणी केवळ जमिनीच्या उताराने वाहत शहराकडे येते. ते चालू ठेवण्यास बाहेरच्या कोणाची अनुज्ञा लागत नाही.

त्या मंदिराच्या नव्या भिंतींवर आता दशावतार रंगत आहेत. समितीने मूळ चित्रे यावेळी खुल्या साच्यात उतरवून घेतली, आणि एक संच दप्तराच्या कपाटात ठेवला. त्या कपाटाची किल्ली पुजाऱ्यांच्या कनवटीला असते. आपल्या देवस्थानातील चित्रांची किल्ली कोणापाशी आहे, हे वाचकांनी येत्या बैठकीत विचारावे.