आंघोळीला आकडा आहे, कालवांना नाही

अमावास्या-पौर्णिमेची मोठी ओहोटी लागली की आगरच्या किनाऱ्यापासून डहाणूच्या खाडीपर्यंत बायका खडकांवर आणि चिखलात वाकलेल्या दिसतात. कुणी कालवं काढते, कुणी शिंपल्या वेचते. दोन-तीन तास पाय पाण्यात आणि हात कपारीत. कालवाच्या कवचाला सुरीसारखी धार असते. बोटं कापतात, तळवे कापतात. त्यावर चिंधी बांधायची आणि पुन्हा वाकायचं, कारण भरतीच्या आत पाटी भरायची असते.

या कामाला कुणी मासेमारी म्हणत नाही. मासेमारी म्हणजे बोट, जाळं, डिझेल आणि बोटीवरचा पुरुष. पण ज्या घरात बोट नाही तिथे कालवण होतं ते याच पाटीतून. उरलेलं विकून मीठ-मिरची येते. मांगेला बायका येतात, तशा वारली बायकाही येतात.

मैत्रिणींनो, या पाटीत जंतू असू शकतात, हे आपण कधी बोललोच नाही. कालव आणि शिंपली पाणी गाळून जगतात. दिवसभर पाणी आत घेतात, त्यातलं खाद्य ठेवतात आणि पाणी सोडतात. त्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं असेल तर विष्ठेतले जंतूही त्यांच्या अंगात साठतात. शिवाय समुद्रात मुळातच राहणारे व्हिब्रिओ नावाचे जंतू आहेत. कॉलराचा जंतू याच कुळातला. त्याच्या एका भाऊबंदाने १९५० साली जपानमध्ये ओसाका भागात मासळीतून विषबाधा केली आणि वीस माणसं दगावली. त्याच जंतूचा एक नवा प्रकार १९९६ मध्ये कोलकात्याच्या रुग्णांत सापडला आणि तिथून जगभर पसरला. व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा आणखी एक जंतू तर खाण्याची वाटही बघत नाही, जखमेतून शिरतो. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसाच्या तो जिवावर उठू शकतो. पाणी कोमट असलं की हे जंतू फोफावतात, आणि समुद्र तर वर्षागणिक तापतो आहे.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. पर्यावरण संरक्षण नियमांत किनाऱ्यालगतच्या समुद्राच्या पाण्याचे पाच वर्ग केले आहेत. दुसरा वर्ग आंघोळीचा, जलक्रीडेचा आणि व्यापारी मासेमारीचा. त्यात विष्ठेतल्या जंतूंना मर्यादा घातली आहे : १०० मिलिलिटर पाण्यात १००. पहिला वर्ग मिठागरं, शिंपल्या-कालवांची मासेमारी आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र यांचा. डहाणू तालुका १९९१ पासून संवेदनशील म्हणून जाहीर झालेला आहे, म्हणजे आपण दोन्ही अर्थांनी या वर्गात बसतो. या वर्गात पारा, शिसं, कॅडमियम आणि तेल यांचे आकडे आहेत. विष्ठेतल्या जंतूंचा आकडा नाही. सांडपाण्यातून आलेला गाळ नसावा, रंग-वास नसावा, एवढं आहे. पण जंतूंना रंगही नसतो नि वासही. पर्यटकाच्या आंघोळीची काळजी घेणाऱ्या तक्त्यात कालवं काढणारी बाई सुटली आहे.

आकडे ठरवणं अशक्य आहे असंही नाही. युरोपात १०० ग्रॅम मांसात ई. कोलाय हे विष्ठेतले जंतू २३० पेक्षा जास्त सापडले, तर त्या जागेचे शिंपले शुद्ध केल्याशिवाय थेट खायला विकता येत नाहीत. जहाजाचा तोल राखायला भरलेलं पाणी समुद्रात सोडताना त्यात किती जंतू चालतील, याचीही मर्यादा २००४ च्या आंतरराष्ट्रीय कराराने घातली आहे. वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. उद्या इथे येणाऱ्या जहाजाच्या पोटातल्या पाण्याला नियम असेल, आणि बाईच्या पायाखालच्या पाण्याला नसेल!

आपल्याकडे अन्नसुरक्षेचे निकष आहेत, पण ते विक्रीच्या मालासाठी. ते कडक लावले तर पकडली जाईल पाटी घेऊन बसलेली बाई. गटार सोडणाऱ्याला कोण विचारणार?

मला धास्ती वाटते ती याचीच. हा विषय निघाला की पहिलं बोट बायकांकडे जातं. किनाऱ्यावर परसाकडला बसता म्हणून पाणी घाण होतं, असं ऐकवतात. एका बैठकीत असं ऐकल्यावर एक काकी मला म्हणाली, "ताई, आम्ही उघड्यावर बसतो ते दिसतं. बंगल्यांचं आणि हॉटेलांचं कुठे जातं ते नळीत असतं, म्हणून दिसत नाही." मला यावर काही बोलता आलं नाही.

खबरदारी सांगायला हवीच. शिंपल्या तोंड उघडल्यावरही चार-पाच मिनिटं उकळू द्यायच्या, उकळूनही न उघडलेली टाकून द्यायची. वाळू जावी म्हणून रात्रभर पाण्यात ठेवतो त्याने जंतू जात नाहीत. हाताला ताजी जखम असेल तर त्या दिवशी पाण्यात जाऊ नये. पण जादा सरपण कोण आणणार आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी कोण देणार, हे न विचारता नुसता उपदेश करायचा असेल तर तो काम आपण सरकारी भित्तिपत्रकांवर सोडलेलं बरं.

तारापूरच्या रासायनिक सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये हरित लवादाकडे गेली. रसायनांचा प्रश्न असा निदान दाराशी पोचला तरी. जंतूंचा प्रश्न आपल्या गटांनी घ्यायला हवा. पहिल्या वर्गात जंतूंची मर्यादा घाला, ही मागणी केंद्राकडे. बायका जिथे वेचतात त्याच जागेचं पाणी आणि कालवं दर महिन्याला तपासा, जागा बायकाच दाखवतील, आणि निकाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, ही मागणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. आरोग्य केंद्रात जुलाबाची बाई आली की काय खाल्लं हे विचारावं, सुजलेला पाय घेऊन आली की कशाने कापलं हे विचारावं, आणि उत्तर केसपेपरवर लिहावं. यासाठी पैसाही लागत नाही. झाई, आगर, वाढवण इथल्या गटांनी येत्या ग्रामसभेत हे तीनही मुद्दे लेखी द्यावेत आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये.