जुन्या इंजिनाला इंजेक्शनचं किट: जरा थांबा



1 जून ते 31 जुलै, बंदीचे हे दोन महिने म्हणजे इंजिनं खोलायचे दिवस. यंदा जेटीवर एकच विषय आहे. होडीच्या जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डचा कार्बोरेटर काढून थ्रॉटल बॉडी इंजेक्शनचं किट बसवायचं का? पेट्रोल वाचेल, एका ओढीत इंजीन चालू होईल, असं विकणारा सांगतो. काही जणांनी पैसेही बाजूला काढलेत. आमचं म्हणणं सरळ आहे: या इंजिनांवर हा खर्च करू नका.

इंजेक्शन वाईट नाही. मोटारीच्या जुन्या फोर-स्ट्रोक इंजिनावर अशी किटं चांगली चालतात. पण आपल्या टू-स्ट्रोकमध्ये ताजं पेट्रोल सिलिंडरमध्ये शिरतं तेव्हा एक्झॉस्टचं पोर्ट उघडंच असतं. पाव हिस्सा पेट्रोल न जळताच बाहेर जाऊ शकतं. थ्रॉटलपाशी इंजेक्टर लावला तरी पेट्रोलची वाट तीच राहते. ही गळती थांबवायची तर पेट्रोल थेट सिलिंडरमध्येच फवारावं लागतं. एव्हिनरूडच्या ई-टेकमध्ये ते होतं, पण ते इंजीन मुळातच तसं बांधलेलं होतं.

शिवाय किटाचा कॉम्प्युटर एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बघून मिश्रण ठरवतो. आउटबोर्डच्या एक्झॉस्टमध्ये थंड करायचं पाणी मिसळतं. तिथं तो सेन्सर किती दिवस टिकणार?

आता विजेचं बघा. पंप, इंजेक्टर, कॉम्प्युटर, सगळ्यांना वीज लागते. आपली इंजिनं दोरीनं चालू होतात, बऱ्याच होड्यांवर बॅटरीच नाही. जाळं ओढताना इंजीन हळू चालतं, तेव्हा कॉइल फारशी वीज देत नाही. भर दर्यात बॅटरी बसली तर दोरी कितीही ओढा, उपयोग नाही. कार्बोरेटर निदान खोलून फुंकता तरी येतो.

सगळ्यात मोठी भीती आगीची. इंजेक्शनची नळी दाबाखाली असते. जुनीच नळी आणि क्लिप ठेवून जोडणी केली आणि ती सुटली, तर पेट्रोलचा फवारा उडेल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती होडीच्या तळाशी साचते. मग एक ठिणगी पुरे.

इंजीन चालू व्हायला त्रास देतं, हे खरंच आहे. पण दोष नेहमी कार्बोरेटरचा नसतो. पेट्रोलात आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं. इंजेक्शनलाही ते पाणी चालत नाही. म्हणून बंदीआधी टाकी आणि फ्लोटची वाटी रिकामी करा, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, जुन्या रबरी नळ्या बदला. किटाच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे.

आणि किटासाठी काढलेले पैसे मोडू नका. कारखान्यातूनच इंजेक्शन घेऊन आलेले फोर-स्ट्रोक आउटबोर्ड मिळतात. 20 हॉर्सपॉवरच्या आतले काही तर बॅटरीशिवाय, दोरीनं चालू होतात. ते महाग आहेत आणि वजनालाही जड, त्यामुळे होडीची मागची फळी आधी तपासावी लागेल. पण सोसायटीनं पाच-दहा जणांची मागणी एकत्र केली तर भाव करता येईल. एकेकट्यानं किट घेऊन फसण्यापेक्षा ते बरं.

तुमचं काय मत? खाली लिहा. कोणी किट बसवून दर्यावर नेलं असेल तर त्याचा अनुभव आम्हाला आधी ऐकायचा आहे.