एक कोंबडी, चार दुखणी

तुरा पांढरट पडलाय, एक डोळा सुजून मिटलाय, पायांवरचे खवले उचकटलेत आणि आठवडाभरात घातलेली दोन्ही अंडी बिनकवचाची निघालीत. अशी कोंबडी डालग्यात घालून कुणी दवाखान्यात आणली, की तिथे बहुधा दोनच गोष्टी ऐकायला मिळतात. कुणीतरी म्हणतं, "एवढं सगळं एकदम झालंय, आता कशाला तिचे हाल करता? कापून टाका." नाहीतर प्रत्येक लक्षणाला एकेक औषध लिहून मिळतं आणि माणूस दोन बाटल्या, एक पुडी आणि एक मलम घेऊन घरी परततो. पहिल्या सल्ल्यात व्यवहार आहे, दुसऱ्यात माया. तरी दोन्ही सल्ले घाईचे आहेत असं मला वाटतं. अनेक दुखण्यांच्या कोंबडीबाबत उपचार करायचे की नाही हा प्रश्न थोडा नंतरचा आहे. आधी कशाला हात घालायचा, हा पहिला.

ही कोंबडी नेमकी कुणाची, तेही पाहायला हवं. 2019 च्या पशुगणनेत देशात 85 कोटींहून अधिक कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यांतली जवळपास 31 कोटी 70 लाख परसातली होती. या परसातल्या कोंबड्यांपैकी बहुतेकींचा हिशेब अंड्यांचा आणि पाहुणा आला तर रश्शाचा. त्यातच एखादी मात्र पोरांनी नाव ठेवलेली असते. ती ओट्यावर येऊन हातातला तांदूळ टिपते, अंडी देणं थांबलं तरी तिला कुणी काही म्हणत नाही. पशुवैद्यकाच्या नोंदवहीत तिच्यासाठी वेगळा रकाना नाही. कुत्र्या-मांजरांत ती मोडत नाही, गाई-म्हशींत तर नाहीच.

कोंबड्यांचं वैद्यक उभं राहिलं ते कळपासाठी. पाच हजार पक्ष्यांच्या शेडमध्ये मर सुरू झाली, की तज्ज्ञ आधी मेलेले किंवा मरायला टेकलेले दोन-तीन पक्षी मागतो, त्यांचं शवविच्छेदन करतो आणि उरलेल्यांच्या पाण्यात औषध सोडायला सांगतो. कळपासाठी ही पद्धत बिनचूक आहे. घरात एकच कोंबडी असेल तर या पद्धतीचा उपयोग शून्य. त्यामुळे एका पक्ष्याचं जिवंतपणी नीट निदान करण्याचा सराव तालुक्याच्या दवाखान्यात फारसा होत नाही. तो दोष डॉक्टरांचा नाही. ज्यांना दिवसभर गाई-म्हशींची कृत्रिम रेतनं आणि लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणाची उद्दिष्टं गाठायची असतात, त्यांच्याकडून कोंबडीच्या डोळ्यासाठी अर्धा तास मागणं जडच आहे.

आता मूळ मुद्दा. चार लक्षणं दिसली म्हणजे चार रोग झाले असं नसतं. सुजलेला डोळा आणि बिनकवचाचं अंडं या आपल्याला दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण श्वसनमार्गाचा एखादा विषाणू या दोन्ही गोष्टी एकट्याने करू शकतो. रानीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी, हीसुद्धा अंड्यांवर परिणाम करते. उलट, तुरा पांढरा पडण्याला दहा कारणं असतात. कोंबडी अंड्यावरून उतरली तरी तुरा फिका होतो, पोटात जंत झाले तरी होतो, आणि रात्री कुणी रक्त पीत असेल तरी होतो.

हे रात्रीचं प्रकरण लोकांच्या नजरेतून हमखास सुटतं. एक लाल सूक्ष्म कीड दिवसा कोंबडीच्या अंगावर नसतेच. ती खुराड्याच्या फटींत, दांडीच्या सांध्यात दडते आणि अंधार पडला की रक्त प्यायला बाहेर येते. दिवसा पिसं कितीही उलटीपालटी करून पाहिली तरी सापडत नाही. झोपण्याआधी टॉर्च घेऊन खुराड्याशी जावं आणि दांडीच्या खालच्या बाजूने पांढरं फडकं दाबून फिरवावं. फडक्यावर तांबडे डाग उमटले, तर औषध कोंबडीला पाजण्याआधी खुराड्याला लागतं. फटी उकळत्या पाण्याने धुवायच्या, दांडी बदलायची, भुसा जाळायचा. एवढं न करता रक्तवाढीची टॉनिकं पाजणं म्हणजे पैसा वाया घालवणं.

कारण आणि परिणाम यांची अदलाबदलही फार होते. अंगावर उवा भरल्या म्हणून कोंबडी खंगली असं आपण धरून चालतो. पुष्कळदा घडतं ते उलटं. धडधाकट कोंबडी रोज मातीत लोळते आणि चोचीने पिसं विंचरते, त्यामुळे उवा आटोक्यात राहतात. तळपायाला गळू झालेली किंवा पोटात दुखणारी कोंबडी एका जागी बसून राहते, लोळणं सुटतं आणि मग उवांना रान मोकळं मिळतं. श्वसनाचा जुनाट रोग तर शरीरात महिनोन्‌महिने गुपचूप राहतो. पिसं गळण्याचा काळ, पावसाळी गारठा, नव्या कोंबडीशी झालेली मारामारी यांपैकी काहीही निमित्त झालं की उसळतो. चार दुखण्यांची ही साखळी कुठे सुरू झाली हे कळलं, तर दोन दुखणी निम्म्याने आपोआप उतरतात.

सगळी औषधं एकदम सुरू करण्यावर माझा खरा आक्षेप आहे, आणि तो नुसता खर्चापुरता नाही. औषधं एकमेकांच्या आड येतात. रक्ती हगवणीवर दिलं जाणारं अँप्रोलियम हे तो रोग आणणाऱ्या परजीवीला बी-1 जीवनसत्त्व मिळू न देऊन काम करतं. त्याच पाण्यात अशक्तपणासाठी बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक घातलं, की आपणच औषधाचा जोर घालवतो. अंड्याचं कवच पातळ झालं म्हणून कॅल्शियम, आणि डोळा सुजला म्हणून टेट्रासायक्लीन, ही जोडी तर सर्रास लिहिली जाते. पण कॅल्शियम टेट्रासायक्लीनला आतड्यातच धरून ठेवतं आणि औषध रक्तात पुरेसं पोचत नाही. जंतांचं प्रमाण खूप असलेल्या, आधीच गळाठलेल्या कोंबडीला जंतनाशकाचा पूर्ण डोस दिला, तर मेलेल्या जंतांचा गोळा आतड्यात अडकू शकतो. म्हणजे प्रत्येक औषध आपापल्या जागी बरोबर असूनही त्यांची बेरीज चुकीची ठरते.

घरगुती उपायांची गत याहून वाईट. कोंबडीचं अंग हाताला गरम लागलं म्हणून ताप समजून माणसाची गोळी कुटून घालणारे पुष्कळ आहेत. कोंबडीचं नेहमीचं तापमानच 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, ती आपल्या हाताला कायमच तापलेली लागणार. आणि वेदनाशामकांत डायक्लोफेनॅक तर पक्ष्यांच्या मूत्रपिंडाचा काळ आहे. याच औषधाने गिधाडं नाहीशी होत चालली, म्हणून 2006 साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. ते घरातल्या औषधाच्या डब्यातून काढून कोंबडीला देणं हा मायेने केलेला विषप्रयोग ठरतो. पायाच्या खवल्यांना रॉकेल चोपडण्याचा जुना रिवाजही सोडायला हवा. त्या खवल्यांखाली कीड बिळं करते आणि जुन्या छपराची कौलं सरकावीत तसे खवले वर उचलले जातात. कोमट पाण्याने पाय धुऊन, कोरडे करून साधं व्हॅसलिन जाडसर लावलं की आत हवा जात नाही आणि कीड गुदमरते. ते दोन-तीन दिवसांआड, काही आठवडे लावावं लागतं. नवे खवले यायला महिने जातात. म्हणूनच पायाचं दुखणं दिसायला सर्वांत भयंकर असलं तरी रांगेत सर्वांत शेवटी उभं राहिलं पाहिजे.

मग पहिलं कोण? श्वास. चोच उघडी टाकून मान वर करून कोंबडी श्वास घेत असेल, तर त्या दिवशी दुसरं काहीही करू नये. कोंबडीला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच तिला श्वास घेता येतो. अशा वेळी छाती घट्ट दाबून धरणं किंवा बाजारात धरतात तसं पायांनी उलटं लटकवणं तिच्या जिवावर बेततं. त्यानंतर अडकलेलं अंडं. शेपटी खाली, पेंग्विनसारखी उभी, सारखी कुंथते आहे, तर ती तातडीची केस आहे, उद्यावर टाकायची नाही. त्यानंतर पाणी. पाणी पाजताना चोचीच्या कडेला थेंब लावायचा आणि तिला तो गिळू द्यायचा. घशात ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं, कारण त्या नलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडतं. आणि ऊब. खोक्यात जुनं गोणपाट, एका बाजूला दिवा, दुसरी बाजू गार, म्हणजे तिला हवं तिथे सरकता येतं. पहिले एक-दोन दिवस एवढंच केलं तरी निम्मं चित्र स्पष्ट होतं.

त्या दिवसांत दोन गोष्टी मात्र रोज बघाव्यात. पहाटे दाणे टाकण्याआधी गळ्याखालची अन्नपिशवी चाचपावी. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळीही ती भरलेली, पिठासारखी मऊ आणि आंबूस वासाची लागली, तर तोंडाने दिलेलं कुठलंच औषध पुढे सरकत नाही हे समजावं. दुसरी गोष्ट म्हणजे वजन. किराण्याच्या काट्यावर टोपली ठेवून रोज एकाच वेळी करावं. कोंबडी आजार लपवण्यात पटाईत असते, सावज होणाऱ्या जिवाला ते करावंच लागतं. पिसं फुगवून ती गुबगुबीत दिसते आणि हातात घेतल्यावर छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं बोटांना लागतं. काटा मात्र फसत नाही.

आता कापून टाका म्हणणाऱ्यांची बाजू. ती हेटाळणीने उडवून लावण्यासारखी नाही. पाच-सातशे रुपयांच्या कोंबडीवर दोन हजार खर्चायला सांगणं सोपं आहे, पण ज्या बाईच्या घरी अंडी विकून तेल-मीठ येतं तिच्यासाठी तो चैनीचा सल्ला आहे. खुराड्यात आणखी आठ-दहा कोंबड्या असतील तर प्रश्न अधिक कठीण. श्वसनाच्या जुनाट रोगातून बरी झालेली कोंबडी पुष्कळदा तो रोग अंगात बाळगतच राहते आणि इतरांना देते. तिला वाचवणं म्हणजे बाकीच्यांवर तिचं दुखणं लादणं असू शकतं. शिवाय काही दुखण्यांना खरंच इलाज नाही. रानकोंबडी वर्षाला जेमतेम दहा-पंधरा अंडी घालते. आपण निवडीने घडवलेल्या व्यावसायिक जाती तीनशेच्या वर जातात. त्याची किंमत त्यांचं अंडाशय मोजतं. तीन-चार वर्षांच्या अशा कोंबडीच्या पोटात बलक सांडून सडतो, गाठी होतात. पाणी भरलेलं पोट सुईने रिकामं केलं तर चार दिवस आराम पडतो आणि पुन्हा भरतं. तिथे उपचार कोंबडीसाठी चालले आहेत की आपल्या समाधानासाठी, हे घरातल्या थोरल्या माणसाने स्वतःला विचारलं पाहिजे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने मालकावर जनावराच्या अनावश्यक वेदना टाळण्याचं कर्तव्य टाकलंच आहे. डॉक्टरांकडून शांतपणे मरण देववणं हाही त्या कर्तव्याचा भाग होऊ शकतो.

एका बाबतीत मात्र घराला निर्णयाचा अधिकारच नाही. तोंड सुजलेलं, तुरा निळा-काळा पडलेला आणि आजूबाजूच्या कोंबड्या पटापट मरू लागलेल्या, असं दिसलं तर खोका, दिवा, व्हॅसलिन सगळं बाजूला ठेवून पशुसंवर्धन खात्याला कळवावं. 2006 च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरने आणि 2021 च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्याने बर्ड फ्लू म्हणजे काय ते पाहिलं आहे. तिथे नाव ठेवलेली कोंबडी आणि बिननावाची कोंबडी यांत फरक केला जात नाही, करूही नये.

या दोन बाजू तोलताना माझा कौल उपचारांकडे झुकतो, पण अटींवर. कोंबडी एकटी किंवा वेगळी ठेवता येण्याजोगी असावी. आधी ऊब-पाणी, मग सर्वांत घातक दुखण्यावर एक औषध, त्याचा गुण येतो का हे पाहून दुसरं. आणि सुरुवातीलाच एक रेघ आखावी: इतके दिवस वजन घटतच राहिलं, तिने स्वतःहून दाणा टिपला नाही, तर थांबायचं. ही रेघ डॉक्टरांसमोर आखलेली बरी. रात्री अकरा वाजता, पोरं रडत असताना ती आखता येत नाही.

सरकारकडून मागायचं ते फार मोठं नाही. रानीखेतची लस स्वस्त आहे, पण तिची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची येते आणि फोडल्यावर काही तासांतच संपवावी लागते. पाच कोंबड्या पाळणारा ती कशी घेणार? गावात महिन्याचा एक वार ठरवून सगळ्यांच्या कोंबड्यांना एकत्र लस द्यावी, एवढं झालं तरी दवाखान्यात येणारी निम्मी गुंतागुंत आधीच टळेल. 1962 या क्रमांकावर फिरता दवाखाना बोलावता येतो. त्या गाडीतल्या डॉक्टरांना एकेकट्या कोंबडीचं निदान करण्याचं चार दिवसांचं प्रशिक्षण मिळालं, तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत डालगं घेऊन जाण्याची वेळ कमी जणांवर येईल.

आणि वाचकांना एक विनंती. तुम्ही कोंबडीवर खर्च करा किंवा करू नका, तिला वाचवा किंवा निरोप द्या, त्याबद्दल कुणी तुम्हाला नावं ठेवणार नाही. पण औषध चालू असताना आणि बाटलीवर लिहिलेली मुदत संपेपर्यंत तिची अंडी कुणाला देऊ नका. प्रतिजैविकं पाजलेली कोंबडी गुण येईना म्हणून कापून खाऊ नका. आणि काहीही झालं तरी आजारी कोंबडी आठवडी बाजारात नेऊन विकू नका.