वृद्धांचा मूत्राघात : औषधाची मर्यादा आणि वैद्याचे कर्तव्य

पौरुषग्रंथीच्या वृद्धीविषयी आपल्या नियतकालिकांतून पुष्कळ लिहिले जाते. परंतु त्यातील बहुतेक लेखन कल्पांच्या यादीपाशी येऊन थांबते. चंद्रप्रभा, गोक्षुरादी गुग्गुळ, कांचनार गुग्गुळ, वरुणादी क्वाथ ही नावे आपणां सर्वांस मुखोद्गत आहेत. कोणत्या रुग्णास ही औषधे द्यावीत आणि कोणास देऊ नयेत, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. आमच्या मते या व्याधीत रुग्णाचे हिताहित त्याच प्रश्नावर अवलंबून असते.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या ५८ व्या अध्यायात मूत्राघाताचे १२ प्रकार सांगितले. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानाच्या ९ व्या अध्यायात १३ सांगितले. मलमार्ग आणि बस्ती यांच्या मध्ये आश्रय घेतलेल्या वायूमुळे उत्पन्न होणारा, दगडासारखा घट्ट व उंच असा वाताष्ठीलेचा उभार वाचताना आजच्या वैद्यास पौरुषग्रंथीचे स्थान आठवल्यावाचून राहत नाही. तथापि अष्ठीला म्हणजेच पौरुषग्रंथीवृद्धी असे समीकरण मांडून मोकळे होणे योग्य नव्हे. वातबस्ती, मूत्रजठर, मूत्रोत्संग, मूत्रग्रंथी यांचीही लक्षणे त्याच वृद्धात निरनिराळ्या अवस्थांत आढळतात. बस्ती हे त्रिमर्मांपैकी एक मर्म आहे. मर्माच्या व्याधीत कालहरण हाच मोठा अपराध होय.

आमच्या नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत हे कालहरण सहज घडते. किनवट, माहूर, मुखेड, देगलूर, निलंगा, जळकोट या भागांतील वृद्ध रात्री चार-पाच वेळा उठतो, थेंबथेंब लघवी होते, तरी ‘वयाचे आहे’ म्हणून गप्प राहतो. सुनेला-लेकाला सांगण्याची लाज वाटते. रात्री उठावे लागू नये म्हणून तो सायंकाळनंतर पाणीच सोडतो. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे उन्हाळ्यात आधीच पाणी कमी पिण्याची सवय असते. मग मूत्र दाट होते, दाह होतो, अश्मरीची भर पडते. अशा रुग्णास ‘भरपूर पाणी प्या’ एवढेच सांगणे निरुपयोगी आहे. दिवसा पुरेसे प्यावे, निजण्यापूर्वी दोन-तीन तास कमी करावे, रात्रीचा चहा सोडावा, वेगधारण करू नये आणि मलबद्धता राहू देऊ नये, असे वेळापत्रकच त्यास द्यावयास हवे.

चिकित्सेचे तीन मार्ग आहेत, आणि तिघांनाही आपापले स्थान आहे. लक्षणे मोजण्यासाठी जगभर सात प्रश्नांची, एकूण ३५ गुणांची प्रश्नावली वापरली जाते. त्यात ७ पर्यंत गुण म्हणजे सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० पासून पुढे तीव्र अवस्था. सौम्य रुग्णास पथ्य व निरीक्षण पुरते. मध्यम अवस्थेत, मूत्र पूर्ण अडलेले नसेल, रक्त येत नसेल आणि क्रिएटिनिन प्राकृत असेल, तर आपली चिकित्सा अवश्य करावी. आपल्या शेतातील सराटा, ओढ्याकाठचा वायवर्णा, पुनर्नवा, शिलाजतु, मात्राबस्ती ही साधने वृद्धाच्या वातप्रधान प्रकृतीस अनुकूल आहेत. उत्तरबस्ती मात्र निर्जंतुकतेची पूर्ण सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावा.

परंतु मूत्र अडून ओटीपोट फुगलेल्या रुग्णास मूत्रल क्वाथ पाजणे म्हणजे दार बंद असताना घरात पाणी सोडणे होय. तेथे प्रथम कॅथेटर, नंतर बाकी सर्व. क्रिएटिनिन वाढलेले असता श्वेतपर्पटी देऊ नये. तिचा मुख्य घटक सोरा, म्हणजे पोटॅशियमचा क्षार आहे, आणि दुर्बल वृक्कास पोटॅशियम झेपत नाही. वारंवार मूत्रावरोध, वारंवार संसर्ग, रक्तमूत्रता, मूत्राशयातील अश्मरी किंवा वृक्कावर ताण ही शस्त्रकर्माची लक्षणे आहेत. गुदपरीक्षणात ग्रंथी कठीण व गाठाळ लागली, किंवा पाठीची हाडे दुखू लागली, तर कर्करोगाची शंका घेऊन त्याच दिवशी पुढे पाठवावे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे पूर्वरूप २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाले, त्यांत नांदेड होते. योजनेत कोणते उपचार बसतात याची चौकशी वैद्यानेच करून दिली, तर खर्चाच्या भीतीने घरी बसलेला रुग्ण वेळेवर पोहोचतो.

औषधालयाच्या मालकांशीही आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत. सर्दीची गोळी मागणाऱ्या साठीपुढील गृहस्थास ‘लघवीला त्रास आहे का?’ असे विचारूनच ती द्यावी. सर्दीच्या अनेक गोळ्यांतील घटक मूत्राशयाचे तोंड आवळतात वा त्याचे बळ कमी करतात, आणि त्याच रात्री मूत्र अडते. हा नियम आपल्या कनकासवासही लागू आहे. धत्तूरयुक्त कल्प अशा वृद्धास जपूनच द्यावा. टॅम्सुलोसिन घेणाऱ्यास उठताना भोवळ येऊ शकते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी हे औषध नेत्रवैद्यास सांगणे अत्यावश्यक आहे. फिनास्टेराइडने पी.एस.ए. साधारण सहा महिन्यांत निम्म्यावर येतो, हे न जाणता अहवाल वाचल्यास कर्करोग निसटतो. काउंटरवर लावलेल्या ‘प्रोस्टेट कायमचा बरा’ अशा फलकांविषयी तर बोलावयासच नको. पौरुषग्रंथीच्या विकारांची नोंद १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या परिशिष्टात आहे.

आता मुख्य मुद्दा. ‘आमच्या औषधाने गुण येतो’ हे आपण अनुभवाने म्हणतो, आणि तो अनुभव खोटा नाही. परंतु या व्याधीची लक्षणे स्वभावतःच कमी-जास्त होत राहतात. पाश्चात्त्य देशांत सॉ पाल्मेटो नावाची वनस्पती याच अनुभवावर लक्षावधी लोक घेत होते. २००६ मध्ये अमेरिकेत २२५ रुग्णांवर वर्षभर चाचणी झाली आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा तिचा अधिक लाभ दिसला नाही. मात्रा तिप्पट करून ३६९ रुग्णांवर झालेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचाही निष्कर्ष तोच. यावरून वनस्पतिचिकित्सा व्यर्थ ठरत नाही; गोक्षुर आणि वरुण ही निराळी द्रव्ये आहेत, त्यांची योजनाही प्रकृती आणि अवस्था पाहून होते. परंतु मोजल्यावाचून केलेला दावा जगाच्या बाजारात टिकत नाही, एवढा धडा त्यातून निश्चित मिळतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक सभासद वैद्याने अशा रुग्णासाठी एकच पत्रक ठेवावे : आरंभी व तीन महिन्यांनी लक्षणांक, सोनोग्राफीत लघवीनंतर उरलेले मूत्र, क्रिएटिनिन, दिलेला कल्प आणि अनुपान. ज्यांना गुण आला नाही त्यांचीही नोंद तितक्याच प्रामाणिकपणे व्हावी. नांदेडचे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि लातूरचे मांजरा आयुर्वेद महाविद्यालय यांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ही पत्रके उपलब्ध करून दिल्यास त्यांच्या प्रबंधांसही बळ येईल. सराटा आपल्या बांधावर आहे, रुग्ण आपल्या दारात आहे, ग्रंथ आपल्या कपाटात आहेत; उणीव आहे ती केवळ नोंदवहीची. ती आपण स्वतःच भरून काढावी, आणि ज्या वृद्धास आपल्या औषधाची नव्हे तर नळीची गरज आहे, त्यास विनासंकोच तसे सांगावे. असे सांगण्याने वैद्याची प्रतिष्ठा उणावत नाही, असे आमचे निश्चित मत आहे.