जट, जटा आणि ड्रेडलॉक्स

गेल्या सत्रात आमच्या विभागात एक प्रसंग घडला. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी केसांच्या सुतळीएवढ्या बारीक बटा गुंफून, म्हणजे ज्यांना आज सर्रास ड्रेडलॉक्स म्हटले जाते ते करून, वर्गात आली. मौखिक परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला ‘जरा माणसांत येऊन’ परीक्षेस बसण्याचे सुचवण्यात आले. स्टाफरूममध्ये ‘अंगात येतं का हो तिच्या?’ असे कोणीतरी विचारले आणि सारे हसले. हसणाऱ्यांत आम्हीही होतो. त्याच आठवड्यात आम्ही वर्गात राजन गवस यांची ‘चौंडकं’ शिकवीत होतो!

या हसण्यामागे दोन समजुती आहेत. केस धुतले-विंचरले नाहीत की ड्रेडलॉक्स होतात, ही पहिली. आणि ज्या जटेविरुद्ध पुरोगामी महाराष्ट्र लढला तीच ही जट, ही दुसरी. दोन्ही समजुती आम्हांस अमान्य आहेत.

पहिलीचे खंडन सोपे आहे. बारीक ड्रेडलॉक्सचा आरंभच मुळी शिस्तीने होतो. टाळूवर चौकोनी भांग पाडून केसांचे लहान लहान भाग करावे लागतात. कुरळ्या केसांना नुसता पीळही पुरतो. आपल्याकडील सरळ केस मात्र उलटे विंचरून क्रोशाच्या सुईने आत ओवावे लागतात. रोज गळणारे पन्नास-शंभर केस जमिनीवर न पडता त्या बटेतच अडकतात आणि बट घट्ट होत जाते. ती पक्की होण्यास अनेक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ लागतो. केस नियमित धुवायचे, तेही मागे थर न ठेवणाऱ्या शाम्पूने. मेण लावायचे नाही, कारण ते आत साचते. ओल्या केसांनी झोपायचे नाही, अन्यथा कुबट वास धरतो. धुतल्यावर शेजारच्या बटा मुळाशी एकमेकींत गुंतू नयेत म्हणून बोटांनी विलग करायच्या. मुळाशी पीळ फार आवळायचा नाही, नाहीतर केसच उपटून येतात. ‘नैसर्गिक’ या शब्दाचा अर्थ येथे ‘हयगय’ असा नाही. आमच्यापैकी किती जण आपल्या केसांची इतकी निगा राखतात?

हे शास्त्र ज्यांनी घडवले त्यांचा इतिहासही ठाऊक असायला हवा. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांना शतकानुशतके आपले केस सरळ करण्यास भाग पाडले गेले. केसांवरील हे दडपण बुद्धीवरचेही दडपण असते, अशी मांडणी ॲलिस वॉकर यांनी १९८७ साली स्पेलमन कॉलेजातील भाषणात केली. अत्यंत बारीक बटांची ‘सिस्टरलॉक्स’ ही पद्धत १९९३ साली सुरू करणाऱ्या जोॲन कॉर्नवेल याही आमच्यासारख्याच अध्यापक. तरीही २०१० साली अलाबामात एका स्त्रीची ठरलेली नोकरी ड्रेडलॉक्स कापण्यास नकार दिल्याने गेली. वंश बदलता येत नाही, केशरचना बदलता येते, म्हणून हा वंशभेद नव्हे, असे अपील न्यायालयाने २०१६ साली ठरवले. अशा भेदभावाविरुद्धचा ‘क्राउन’ कायदा २०१९ साली प्रथम कॅलिफोर्नियाने केला. ‘कापता येतात की!’ हा आमच्या स्टाफरूममधील युक्तिवाद त्या न्यायालयाच्या युक्तिवादाहून कितीसा वेगळा आहे?

दुसरी समजूत अधिक गंभीर आहे. जट ही आपल्याकडे केवळ केसांची अवस्था नाही. राजीव पाटील यांच्या ‘जोगवा’ (२००९) चित्रपटातील सुलीच्या केसांत जट येते आणि तिचे उरलेले आयुष्य यल्लम्माच्या नावे लावले जाते. साधूच्या जटा त्याच्या वैराग्याची खूण ठरतात. बाईची जट मात्र तिच्यावरील मालकीची. ती धुवायची नाही, विंचरायची नाही, कापली तर कोप होईल, या धाकाखाली कित्येक बायका डोक्यावरचे ओझे, मानेचे दुखणे आणि उवा सोसत आल्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन, समजूत घालून अशा जटा कापल्या. त्या कामाचे मोल आम्ही तिळमात्र कमी करीत नाही. म्हणूनच जटेला ‘आपल्या परंपरेचे ड्रेडलॉक्स’ म्हणून मिरवणाऱ्यांशीही आमचा वाद आहे.

पण त्या कार्यकर्त्यांनी कापला तो धाक. कात्री चालवण्याआधी त्यांनी त्या बाईचा होकार मिळवला, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो. जटेतील अन्याय गुंत्यात नसून सक्तीत आहे. आपल्या केसांचे काय करायचे हे त्या बाईला ठरवता येत नव्हते. आमच्या विद्यार्थिनीने ते ठरवले, आणि तो निर्णय आम्ही परीक्षेच्या धाकाने फिरवू पाहिला. म्हणजे देवीच्या जागी आम्ही विभाग बसवला, एवढेच!

ती विद्यार्थिनी डोक्याला ओढणी गुंडाळून परीक्षेस बसली. प्रश्न ‘चौंडकं’वरचाच निघाला आणि उत्तरही तिने उत्तम दिले. ओढणी काढ, असे म्हणण्याचे धैर्य समोर बसलेल्या आम्हां कोणापाशी नव्हते. नंतर आम्ही तिची माफी मागितली; पण ती स्टाफरूमबाहेर, एकांतात. हसलो होतो मात्र सर्वांसमक्ष. म्हणून हा लेख.