भिंगावरील बुरशी

आमच्या शाळेच्या कॅमेऱ्याच्या ५० मिलिमीटर भिंगाला गोव्याच्या दमट पावसाळ्यात बुरशी लागली आहे. ते दुरुस्तीस द्यावे की टाकावे, असा वाद आहे. नवे घ्यावयाचे, तर वाचनालयाच्या पुस्तकांना कात्री लागणार. आम्हांस वाटते, प्रथम छायाचित्रे पाहावीत. दोनचार ठिपके चित्रात उमटत नाहीत (पुष्कळांना हे पटत नाही!), मात्र उन्हासमोर धरताच चित्र धुकट होते. बुरशी वरवरची असेल तर जाणता कारागीर भिंग उघडून ती पुसतो. परंतु तिच्या आम्लाने लेपच काय, काचही खाल्ली असेल, तर तो व्रण कोणाच्याही हातून बुजत नाही. आमच्या भिंगाच्या कडेलाच तंतू दिसतात. म्हणून ते याच सुटीत साफ करवावे आणि पुढे सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावे. चामड्याची शोभिवंत पेटी मात्र नको. तिच्यात ओल दडते.