बापाच्या शब्दाला वारस कोण?

बापाच्या माघारी त्याच्या जमिनीवर कुणाकुणाची नावे लागतील, हे खानापूर तालुक्यातल्या आमच्या जांबोटीतले शेंबडे पोरही सांगेल. पण तो बेशुद्ध पडला तर त्याला व्हेंटिलेटरवर ठेवायचे की नाही, हे कुणी ठरवायचे? याचे धड उत्तर देणारा कायदा करायला या देशाच्या संसदेला अजून सवड झालेली नाही!

बेळगावच्या आयसीयूच्या दाराशी कागद पुढे येतो: सही करा. थोरला गोव्यात, धाकटा पुण्यात, लेक सासरी. थोरला धावत येऊन कुलमुखत्यारपत्र काढतो. व्यर्थ! १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, देणाऱ्याची शुद्ध कायमची हरपली की तो कागद रद्द. ज्या घडीला गरज, त्याच घडीला निकामी! मिरगाच्या पहिल्या सरीला गळणारे इरले शेतकरी बांधावर फेकून देईल; आम्ही हे गळके इरले दीडशे वर्षे डोक्यावर वागवतो आहोत. कायदेशीर पालक व्हायचे तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाची पायरी चढा. तोवर बापाने श्वास धरून ठेवायचा काय?

मुंबईच्या केईएम रुग्णालयात भान हरपलेल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत, जवळपास ४२ वर्षे खाटेवर होत्या. त्यांच्यासाठी बोलायचे कुणी, यावर सर्वोच्च न्यायालयाला २०११ मध्ये खल करावा लागला. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने जिवंतपणीच्या वैद्यकीय इच्छापत्राला (‘लिव्हिंग विल’) मान्यता दिली आणि संसद कायदा करीपर्यंतचे नियम घालून दिले. संसद घोरतच राहिली! २०२३ मध्ये न्यायालयानेच नियम सोपे केले: दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी आणि आपल्यासाठी निर्णय घेणाऱ्या विश्वासू माणसांची नावे.

२०२४ मध्ये गोव्यात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचे असे इच्छापत्र केले. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने या हक्काच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. गोवा-बेळगाव रस्ता जांबोटीतूनच जातो. हा हक्क तेवढा न थांबता पुढे गेला काय? इच्छापत्राची प्रत सांभाळणारा अधिकारी पंचायतीनेही नेमायचा आहे. नेमला असेल तर पंचायत विकास अधिकारी (पीडीओ) साहेब, त्याचे नाव फलकावर लावा! नसेल तर सरकारी आदेशाची सुरनळी करून कपाटात कोंबली, असे आम्ही म्हणू. आणि इच्छापत्राचा नमुना मराठीत हवा. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याची संमती कसली? ती निव्वळ सही!

पण सरकारला झोडपून मुलांची सुटका नाही. वाटणीपत्रासाठी खानापूरच्या कचेरीचे उंबरे झिजवणाऱ्या बहाद्दरांनो, बापाला एकदा तरी विचारलेत, “बाबा, वेळ आली तर तुमच्यासाठी कुणी बोलायचं?” हा प्रश्न म्हणे अभद्र! आणि बाप जिवंत असताना वाटणीवरून डोकी फोडणे मंगल काय?

येत्या ग्रामसभेत त्या अधिकाऱ्याचे नाव मागा, मराठी नमुना मागा आणि बाप शुद्धीवर आहे तोवर तो भरा. मते मागायला दारी येणाऱ्या प्रत्येकाला हा कायदा होण्याची तारीख विचारा. ती सांगता येत नसेल, तर त्याला उंबऱ्यावरूनच परत धाडा!